शम्सा पुढे जाईना

आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत आणि पागेची पुढची भिंत एकच होती. त्यामुळे माझ्या तरुणपणातला सगळ्यात ओळखीचा आवाज कुठला म्हणाल, तर भिंतीपलीकडे घोडे लसूणघास चावतात तो. करकर, करकर, मधे एखादं फुरफुरणं, मग पुन्हा करकर. आईच्या भाकरीची थापथाप त्या आवाजात मिसळायची. परवा दोहातल्या द पर्ल या समुद्राकाठच्या वस्तीत एका ओळखीच्यांकडे मुक्काम करायची वेळ आली. मऊ गादी, खिडकीतून बोटी दिसतात, सगळं छान. पण मला झोप लागेना. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

दोहाहून शहानियाकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की अरबाबची इज्बा लागायची. इज्बा म्हणजे वाळवंटातली शेतवाडी. खजुराची झाडं, शेळ्या, दोन आळशी उंट आणि मोठी पागा. अरबाब म्हणजे मालक, उंच, म्हातारे, कायम हसऱ्या डोळ्यांचे कतारी गृहस्थ. माझे वडील, आप्पा, या पागेचे मुख्य होते. आम्ही माळशिरस भागातले धनगर. आप्पांचं लहानपण मेंढरांमागे हिंडण्यात गेलं. बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, त्या बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांशेजारी कोकरं आणि कोकरांशेजारी आप्पा. ते सांगायचे, "चालायच्या आधी मी घोड्यावर बसायला शिकलो." पुढे पुण्याला रेसच्या घोड्यांवर काम केलं, तिथून एका ओळखीनं कतारला आले आणि मग आई आणि मीही इथलेच झालो. मी रोज सकाळी अल दुहैलच्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला जायचे, दुपारी परत यायचे आणि उन्हं उतरली की शम्सा नावाच्या कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी घोडीवर बसून इज्बाला फेऱ्या मारायचे. अरबाबची मुलगी महा माझ्याच वयाची. शम्सा खरं तर तिची, पण महाला रोज घोडीवर बसणं जमायचं नाही, म्हणून घोडीला चालवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ते काम आनंदानं केलं असतंच, कुणी सांगितलं नसतं तरी.

शुक्रवार म्हणजे सुट्टी. त्या दिवशी मंगलआत्या यायची. ती आप्पांची धाकटी बहीण, दोहात हॉस्पिटलमध्ये नर्स, लग्न न केलेली, केस घट्ट बांधणारी आणि फार हळू बोलणारी. अरबाबच्या घरून भाताचं आणि मटणाचं भलंमोठं ताट यायचं. दालचिनी, वेलदोडा आणि सुक्या लिंबाचा वास दारातच समजायचा. आई त्यातलं मटण बाजूला काढून त्याला वरून ठेचा लावायची आणि म्हणायची, "बिचाऱ्यांना मिरची कशी वापरायची ते म्हाईत न्हाई." मग आम्ही चौघं जमिनीवर बसून जेवायचो. भाकरीही असायची आणि खुबूस नावाची अरबी रोटीही. आप्पा खुबूस घोड्यांच्या बातम्यांबरोबर खायचे आणि भाकरी गावाच्या आठवणींबरोबर.

दौलत पागेत कामाला आला तो दिवस धुळीचा होता. लांबची झाडं दिसत नव्हती इतकी वाळू उडत होती. त्यात शम्सा भेदरून दावं तोडून पळाली. आप्पा आणि तिघंचौघं माणसं तिच्यामागे, ती त्यांच्यापुढे, आणि फाटकाबाहेर ट्रकचा रस्ता. मी फाटकाजवळच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तेवढ्यात एजंटच्या गाडीतून एक पोरगा उतरला. खांद्यावर सॅक, डोक्याला टॉवेल. त्यानं काय चाललंय ते पाहिलं, आप्पांना हातानं थांबायची खूण केली, आणि घोडीकडे पाठ करून फाटकातच मांडी घालून वाळूत बसला. सॅकमधून एक संत्रं काढलं आणि सोलायला लागला. माझ्या मनात आलं, हा वेडा आहे. शम्सा थांबली. मान ताणून बघायला लागली. एक पाऊल, दोन पावलं, मग तिचं नाक त्याच्या खांद्यावर. त्यानं मागे न बघता तिला संत्र्याची फोड दिली आणि उठता उठता तुटलेलं दावं हातात घेतलं. आप्पा जवळ गेले, तर तो म्हणाला, "पळत्या जनावरामागं पळलं की ते आणखी पळतंय." ते 'पळतंय' माझ्या कानावर पडलं आणि मी खिडकीचा गज घट्ट धरला. घराबाहेर आम्ही सगळ्यांशी हिंदी नाहीतर इंग्लिश बोलायचो. आमच्या घरातली भाषा माझ्या वयाच्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मला सांगता येणार नाही, कारण ते गेले असं वाटलंच नाही. दौलत बर्क नावाच्या करड्या घोड्यावर बसायचा, मी शम्सावर. बर्क आणि शम्सा एकाच गव्हाणीतले, एकमेकांशिवाय राहायचे नाहीत. त्यामुळे फेरीला दोघांना बरोबरच न्यावं लागायचं आणि त्याबद्दल मी त्या जनावरांचे मनोमन आभार मानायचे. दौलत मला 'मॅडम' म्हणायचा, मी शाळेत कामाला होते म्हणून. आप्पांच्या नजरेच्या टप्प्यात आम्ही नालांबद्दल बोलायचो, चाऱ्याबद्दल बोलायचो. टप्प्याबाहेर गेलो की काहीच बोलायचो नाही, आणि ते न बोलणं मला रात्रभर पुरायचं.

एका शुक्रवारी आप्पांनी त्याला जेवायला बोलावलं. ताटावर बसता बसता सहज विचारलं, "कुणाचा रं तू? आमच्याच भागातला दिसतोस."

दौलतनं गाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं. "वडील लवकर वारले. चुलत्यानं वाढवलं मला. संपतराव."

आप्पांचा घास हातातच राहिला. आत्या पाणी आणायला म्हणून उठली ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही. जेवण कसंबसं उरकलं. दौलत गेल्यावर आईनं मला सांगितलं की आत्याचं लग्न याच संपतरावांशी ठरलं होतं. सुपारी फुटली, पत्रिका वाटल्या, आणि मांडव घालायच्या वेळेला मुलाकडून निरोप आला, लग्न करायचं नाही. आप्पा तेव्हा तरुण. त्यांच्या दारात जाऊन संपतरावांच्या कानफटात मारून आले होते. दोन गावांमधलं येणंजाणं तेव्हापासून बंद. आत्यानं पुढे नर्सिंग केलं, आणि लग्नाचं नाव काढलं नाही.

आप्पांनी दौलतला कामावरून काढलं नाही. तसे ते अन्यायी नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या फेऱ्यांच्या वेळा वेगळ्या केल्या. शम्सा पहाटे, बर्क संध्याकाळी. दोन्ही जनावरं दिवसभर भिंतीला लाथा मारायची. आई एकदा चहा देता देता आप्पांना म्हणाली, "मुक्या जनावराला कळतंय, तुमास्नी कसं कळंना?" आप्पा कप घेऊन पागेकडे निघून गेले. मी मान खाली घालून पोळी लाटत बसले, पण आईला सगळं कळलंय हे मला तेव्हा कळलं.

थंडी सुरू झाली की आसपासचे इज्बावाले आपसांत एक लांब पल्ल्याची शर्यत लावायचे. मेसईदच्या पलीकडे, समुद्राच्या वाळूत. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर डॉक्टर घोड्याची छाती तपासणार, घोडा दमला किंवा लंगडला तर बाद. जिंकण्यापेक्षा घोडा धडधाकट परत आणण्याला मान जास्त. अरबाबकडून शम्सा आणि बर्क उतरणार होते. शम्सावर महा, बर्कवर दौलत. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात महा बाथरूममध्ये घसरली आणि तिचं मनगट मुरगळलं. अरबाब स्वतः पागेत आले आणि आप्पांना हिंदीत म्हणाले, "तुम्हारी बेटी बैठेगी. घोडी उसको ही पहचानती है." आप्पा अरबाबना कधी नाही म्हणत नसत. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरले नाही. अभिमान होता आणि भीती होती, आणि दोन्ही एकाच वेळी लपवायचा प्रयत्न होता. मी मात्र काही लपवू शकले नाही. धावत घरात गेले आणि आईला उचलून गोल फिरवलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी इतकं धुकं होतं की मेसईदच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसत नव्हत्या, फक्त वरची ज्वाळा दिसत होती, आकाशात टांगल्यासारखी. तंबू लागले होते, करक चहाचे पेले फिरत होते, घोडे वाफ सोडत होते. आईनं दशम्या आणि शेंगांची चटणी बांधून आणली होती. आत्या औषधांची पेटी घेऊन आली होती. आप्पांनी माझी रिकीब तपासली, परत तपासली, आणि म्हणाले, "पहिल्या फेरीत घोडी पळवू नको. ती मागंल तेवढंच दे." मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत, "आणि त्याच्या बरोबर राहा. बर्क दिसला न्हाई तर ती बिथरंल." हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

सुटलो. त्या सुटण्याबद्दल मी काय लिहू? इतके घोडे एकदम निघाले की जमीन हलते. ती हलणारी जमीन रिकिबीतून गुडघ्यात येते, गुडघ्यातून छातीत. शम्सानं कान टवकारले आणि अशी काही दुडकी चाल धरली की मला वाटलं आता आम्ही समुद्रातच जाणार. बाजूनं पिकअप गाड्या पळत होत्या. आप्पा चालवत होते, आत्या खिडकीतून अर्धी बाहेर येऊन पाण्याच्या बाटल्या पुढे करत होती. पळत्या घोडीवरून बाटली पकडायची, तिच्या मानेवर ओतायची, रिकामी फेकायची, मागच्या गाडीतली माणसं ती उचलणार. दोनदा बाटली माझ्या हातातून निसटली. तिसऱ्यांदा पकडली तेव्हा आमची एरवी हळू बोलणारी आत्या गाडीतून "शाब्बास गं" म्हणून ओरडली. पहिली फेरी झाली, डॉक्टरांनी दोन्ही घोडे पास केले. दुसरी झाली, पास. आता गुडघे कुरकुरतात तेव्हा मला ती दुसरी फेरी आठवते. तेव्हा ते दुखलेच नव्हते.

तिसऱ्या फेरीत रस्ता अशा भागातून जायचा की जिथे गाड्या येऊ शकत नव्हत्या. वरून कडक आणि खालून भुसभुशीत अशी खारट जमीन, गाडीचं चाक आत जायचं. पुढचे दोन घोडे दूर गेले होते, मागचे दिसत नव्हते. आम्ही दोघंच. धुकं विरलं होतं आणि एका बाजूला समुद्राची निळी रेघ होती.

"मॅडम," दौलत म्हणाला, "आज आपल्याला कोणच बघत न्हाई."

"मग मॅडम कशाला म्हणतोस?"

तो हसला. त्यानं बर्कला शम्साच्या बाजूला घेतलं. "सोनल," तो म्हणाला. माझं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं. "माझ्याशी लग्न करशील का? लगेच सांगू नको, घोडीवर ध्यान दे."

"ध्यान आहे," मी म्हणाले. "करीन."

"आप्पांना मी विचारतो."

"नको. तू विचारलंस तर त्यांना तुझा चुलता दिसेल. मी विचारणार."

तो पुढे काही बोलणार तोच बर्कचं पुढचं पाऊल खारट पापुद्र्यातून खाली गेलं आणि खालच्या दगडावर आपटलं. दौलत त्याच क्षणी उतरला. पाय उचलून बघितला, हातानं दाबला. बर्कनं पाय ओढून घेतला. "संपलं आमचं," दौलत म्हणाला. "ह्याच्यावर आता बसायचं न्हाई. मी चालत आणतो. तू जा."

"तुला सोडून?"

"पुढं दोनच घोडे हायत. शम्सात अजून दम हाय. जा."

मी टाच दिली. शम्सा जागची हलेना. परत टाच दिली, ती गोल फिरून बर्कच्या मानेला मान लावून उभी राहिली. मी समजावलं, रागावले, विनवलं. ती पुढे जाईना. मागून घोड्यांच्या टापा ऐकू यायला लागल्या होत्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि त्याच वेळी हसूही येत होतं, कारण घोडी जे करत होती ते मलाही करायचं होतं. शेवटी मी उतरले, लगाम धरला आणि तिला चालवत समोरच्या वाळूच्या उंचवट्याकडे निघाले. मी चालते म्हटल्यावर ती कुरकुरत आली. दर थोड्या वेळानं मागे बघायची. मीही बघितलं. दौलतनं बर्कचं डोकं छातीशी धरलं होतं आणि त्याच्या नाकावर तळहात ठेवला होता, तो खिंकाळला तर शम्सा परत फिरेल म्हणून. त्यानं दुसऱ्या हातानं मला जा अशी खूण केली. उंचवट्याआड गेलो, बर्क दिसेनासा झाला, आणि मी उडी मारून खोगिरावर बसले.

मग मात्र शम्सा पळाली. चौखूर. कदाचित तिला वाटलं असेल की बर्क पुढे सापडेल. चिमण्यांची ज्वाळा मोठी मोठी होत गेली, तंबू दिसले, माणसं हात हलवताना दिसली. एक घोडा आम्ही अगदी शेवटी मागे टाकला. दुसऱ्या आलो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हा आप्पांचा श्वास घोडीपेक्षा जोरात चालला होता. पास. अरबाबनी आप्पांना मिठी मारली, महानं मला. आईनं शम्सालाच दशमी भरवली. आप्पांनी घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं आणि तसेच उभे राहिले. डोळे पुसत माझ्याकडे वळले तेव्हा म्हणाले, "तो कुठाय?"

"बर्क लंगडला. चालत आणतोय. आप्पा, गाडी काढा, आपण जाऊ."

पिकअपला घोड्याचा ट्रेलर जोडला. पुढे आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो, आप्पा, आत्या आणि मधे मी, घामानं आणि वाळूनं माखलेली. खारट जमिनीच्या कडेपर्यंत गाडी नेता येत होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"आप्पा, मला दौलतशी लग्न करायचंय."

आप्पांनी ब्रेक दाबला. गाडी वाळूत थांबली. त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली. मग फार शांतपणे म्हणाले, "सोने, तू माग, काय बी माग. पण त्या घरात न्हाई. त्या घरानं माझी बहीण मांडवाच्या दारात सोडली. हा बी तुला आज अर्ध्या वाटंत सोडून बसलाच की."

"त्यानं मला पुढं पाठवलं, आप्पा. सोडलं नाही."

"एकच ते."

"एक नाही, दादा," आत्या म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती, आणि नेहमीसारखंच हळू बोलत होती. "संपतरावांनी मला सोडलं न्हाई. मीच त्यांना सांगितलं, मला लग्न करायचं न्हाई, नर्सिंगला जायचंय. बाजारात गाठून सांगितलं. बाबांना सांगायची हिंमत नव्हती. बाबांनी मला कोंडून घातलं असतं. संपतराव म्हणाले, तुमचं नाव नको खराब व्हायला, मी नाही म्हणतो. त्यांनी मला पुढं पाठवलं, दादा. तुझा मार खाल्ला आणि तोंड उघडलं न्हाई."

आप्पांच्या तोंडातून आवाज निघाला तो अगदी लहान. "मला का न्हाई सांगितलंस?"

"आधी भीती होती. मग सवय झाली."

गाडीचं इंजिन चालू होतं. आप्पांचे हात स्टिअरिंगवर होते, संपतरावांच्या कानफटात मारणारा तो उजवा हात वर, डावा खाली. ते त्या हाताकडे बघत होते. मी आत्याचा हात धरला. मला तिचा राग आला नाही. मला फक्त दिसलं की मला हवं ते मी आज आप्पांपाशी उघड मागू शकले, आणि तिला ते मागायला बाजारात एका परक्या माणसाला गाठावं लागलं होतं.

दूर एक माणूस आणि एक घोडा येताना दिसले. दौलत बर्कच्या पुढे चालत होता, स्वतःचा टॉवेल ओला करून त्यानं बर्कच्या पायाला गुंडाळला होता आणि पायातले बूट काढून गळ्यात अडकवले होते, खारट चिखलात रुतत होते म्हणून. आप्पा गाडीतून उतरले. आम्हीही उतरलो. दौलतनं आमच्या तिघांचे चेहरे पाहिले आणि जागेवर थांबला.

"सोनल दुसरी आली," आप्पा म्हणाले.

"व्हय?" त्याचं सगळं तोंड उजळलं. मग आप्पांकडे बघून त्यानं ते आवरलं.

आप्पांनी खाली बसून बर्कचा पाय तपासला. सूज बघितली, टॉवेलची गाठ बघितली, पाय हळूच खाली ठेवला. उठताना म्हणाले, "चुलत्याकडं फोन हाय का रं? मोबाईल?"

"हाय की."

"लाव."

दौलतनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, जरी मला काहीच माहीत नव्हतं. त्यानं फोन लावून आप्पांकडे दिला. रिंग जात होती ती आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होती. आत्या गाडीला टेकून उभी राहिली आणि तिनं पदरानं तोंड झाकलं. पलीकडून कुणीतरी मोठ्यानं "हॅलो, कोण?" म्हणालं. मागे मेंढरं ओरडत होती.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, जणू माणूस समोरच उभा आहे.

"संपतराव," ते म्हणाले. त्यांनी समुद्राकडे तोंड केलं आणि परत सुरुवात केली. "सोयरं, आधी मला माफ करा. मग बोलू."